सूर गेलाय कामाला

त्या घरात मागच्या खोलीत बोलायला बंदी होती. गायला मुभा होती, वाजवायला होती, नुसतं डोळे मिटून ऐकत बसलं तरी कोणाची हरकत नव्हती. पण बोलायचं नाही. नियम मास्तरांचा. मास्तर म्हणजे घरातले सासरे. उभा जन्म पियानो शिकवण्यात गेलेला, आणि निवृत्त झाल्यावरही बोटं गप्प बसेनात म्हणून जेवताना ताटाच्या कडेवर वाजवत बसणारे. त्यांचं म्हणणं असं, की बोललेले शब्द भिंतींना चिकटून राहतात आणि मग त्या खोलीत सूर म्हणून नीट लागत नाही. आता यावर कोणी काय बोलावं. आणि बोलायचं झालं तरी ते त्या खोलीच्या बाहेर येऊन.

पण संसार म्हटला की निरोप अडून राहत नाहीत. म्हणून सासूबाईंनी नवी नवरी असतानाच त्यातून वाट काढली होती. सांगण्यासारखं काही असेल तर उंबऱ्यात उभं राहून गाऊन सांगायचं. दूध उतू गेलं तर खालच्या सुरात, पाहुणे आले तर वरच्या, आणि नको असलेले पाहुणे आले तर मधल्या कोमल सुरात, म्हणजे मास्तरांना आतच थांबायचं की बाहेर यायचं ते कळे. त्यांचा मुलगा लहान असताना शू आल्याची वर्दी पायरीपायरीनं चढत्या सुरांत द्यायचा, आणि एकदा वरच्या ‘सा’पर्यंत पोचेस्तोवर फार उशीर झाला होता. ही गोष्ट सासूबाई आल्यागेल्याला सांगत. आता लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करणारा तो उंचापुरा बाप्या ती दर वेळी खाली मान घालून ऐकून घेई.

या घरात सून म्हणून आलेली ती भिंगरी. बोलण्याचा वेग बघून सासूबाईंनीच हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बस आगारात कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागणार हे सांगायची तिची नोकरी. प्रवासी म्हणत, बाईचं वाक्य संपायच्या आत गाडीत चढायला हवं. पण लग्नाआधी तिचा खरा जीव रॅपमध्ये होता. लहानमोठ्या सभागृहांत, कोणाच्या तरी गच्चीवर, कधी बंद पडलेल्या गोदामात ती माइक हातात घेऊन उभी राहायची आणि समोरची पोरं माना हलवायची. मग लग्न झालं, मग गट्टू झाला. गट्टूच्या पोटदुखीत आणि दातांत दिवस कसे गेले ते तिला विचारलं तरी सांगता आलं नसतं. माइकच्या जागी हातात दुधाची बाटली आली. समोर मान हलवणारं एकच माणूस राहिलं, आणि तेही भूक लागली की.

अशात एका मैत्रिणीनं कळवलं की शहरातल्या मोठ्या सभागृहात नव्या आवाजांची एक संध्याकाळ होणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी आपलं एक रेकॉर्डिंग शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं. भिंगरीनं ते वाचलं, फोन उपडा ठेवला, गट्टूच्या दुपट्यांच्या घड्या केल्या आणि फोन उलटून तेच पुन्हा वाचलं. बाळंतपणाची रजा संपत आली होती. एकदा आगार सुरू झालं की सकाळी घोषणा, संध्याकाळी गट्टू, मधे झोप. आता नाही पाठवलं तर पुन्हा कधी पाठवायचं? आणि त्याहून मोठी भीती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. पाठवलं, आणि आता आपल्याला ते येतच नाही असं निघालं तर?

तरी तिनं कंबर कसली. पण रेकॉर्ड करायचं कुठे? घराच्या एका अंगाला पत्र्याच्या पेट्या करणाऱ्याचा कारखाना होता आणि तो सकाळी दार उघडायचा ते ठोकायला सुरुवात करूनच. दुसऱ्या अंगाला रस्ता. न्हाणीघरात आवाज घुमायचा, म्हणजे बाई विहिरीत पडली आहे आणि तिथूनच गात आहे असं वाटावं. शेवटी ती कपड्यांच्या कपाटात शिरली. तिथे आवाज छान बसला, पण चौथ्या ओळीला नवऱ्याच्या कोटाची बाही तोंडात गेली आणि पाचव्या ओळीला गट्टूनं रांगत येऊन दार उघडलं. आई कपाटात राहते हा शोध लागल्यावर तो पुढचे काही दिवस ती दिसली नाही की कपाटापाशीच जाऊन बसू लागला.

राहिली मागची खोली. जाड भिंती, वर जुन्या गाद्या ठोकलेल्या, दार लावलं की पत्रेवाला पलीकडच्या गावी गेल्यासारखा. भिंगरीनं जेवताना विषय काढला. मास्तरांनी घास पूर्ण चावला, पाणी घेतलं आणि अगदी सौम्यपणे सांगितलं की खोली घरातल्या सगळ्यांचीच आहे, पण तिथे गाणंच चालतं आणि रॅप काही गाणं नव्हे. ते बोलणं. वेगानं बोलणं म्हणा, यमक जुळवून बोलणं म्हणा, पण बोलणंच.

यानंतर त्या घरात जो वाद पेटला तो बरेच दिवस धुमसत होता. मास्तर म्हणत, गाण्याला सूर लागतो आणि हिचं सगळं एका पट्टीत, विजेचं बिल वाचून दाखवल्यासारखं. भिंगरी म्हणे, ढोल एका पट्टीतच वाजतो, त्याला काय घराबाहेर काढणार का. मास्तर म्हणत, ढोलाला ताल असतो. भिंगरी म्हणे, मग मला काय दमा आहे, नुसत्या धापा टाकायला? नवरा या सगळ्यात चमचा तोंडात धरून गप्प. कोणाची बाजू घेतली तर दुसरीकडचं जेवण बंद, एवढं त्याला कळत होतं. सासूबाई मात्र दोन्हीकडून मजा बघत. एकदा त्या म्हणाल्या की यांचं गाणं ऐकून मला झोप येते आणि हिचं ऐकून जाग येते. दोन्ही लागतातच की घरात.

शेवटी गुरुवारी मास्तर नमते झाले, म्हणजे त्यांच्या परीनं. ताल असतो ना, मग टोपड्याच्या परीक्षेला बस, म्हणाले. पास झालीस तर खोली तुझी.

ही परीक्षा काय ते सांगायला हवं. मास्तरांच्या पियानोवर एक लाकडी मेट्रोनोम होता. लहान मनोऱ्यासारखा, पुढे एक काटा, तो डावीउजवीकडे झुलत ठोके देत राहायचा. घरात त्याला टकटक्या म्हणत. विद्यार्थी वाजवू लागला की मास्तर टकटक्यावर एक भलंमोठं रजईच्या कापडाचं टोपडं चढवत. ते सासूबाईंनी शिवलेलं, वर लोकरीचा गोंडा. आत काटा झुलतच असे, पण ठोका ऐकू येत नसे. पोरानं आपल्या पोटातल्या तालावर वाजवत राहायचं. मग मास्तर अचानक टोपडं काढत. पोरगं अजून टकटक्याच्या पावलावर असलं तर पास, नसलं तर पुन्हा पहिल्यापासून. मास्तरांच्या हाताखालून गेलेली सगळी माणसं या टोपड्याखालून गेलेली. कुठे कोणी वाजवायला बसलं की लोक दोन मिनिटांत ओळखत, हा मास्तरांकडचा. म्हणत, त्यांच्या पोरांच्या वाजवण्याला एक वेगळीच चाल असते.

शुक्रवारी दुपारी भिंगरी पहिल्यांदा त्या खोलीत रॅप म्हणायला उभी राहिली. नवरा उंबऱ्यात, सासूबाई गट्टूला कडेवर घेऊन त्याच्यामागे. तिनं लग्नाआधीचा एक जुना तुकडा निवडला होता. झोपेतून उठवलं तरी म्हणेन इतका पक्का. मास्तरांनी काटा सोडला. तिनं सुरुवात केली. टोपडं चढलं. ती म्हणत राहिली, शब्द रुळावरून जावेत तसे जात होते, आणि तिला वाटलं, येतंय की, सगळं येतंय अजून. मग टोपडं निघालं.

एक ठोका तिच्या शब्दावर नेमका बसला. पुढचा शब्दाच्या थोडा आधीच पडला. पुन्हा एक नेमका, एक आधी. मास्तर दर चुकलेल्या ठोक्याला बोट वर करत होते, आणि ते बोट इतक्या नियमानं वर जात होतं की गट्टूला तो खेळ वाटून तोही बोट वर करू लागला. भिंगरी थांबली.

मास्तरांनी खोलीच्या नियमाप्रमाणे निकाल गाऊन सांगितला. निम्मं बरोबर आहे, असं काहीसं, उतरत्या सुरांत. एरवी ती खदखदून हसली असती.

त्या दुपारी तिनं सगळ्या बाटल्या घासल्या, घासलेल्या पुन्हा घासल्या. तिची जी भीती होती तीच खरी निघाली असं तिला वाटलं. एवढ्या रात्रींची तुटकी झोप, ती कुठे ना कुठे गेलीच असणार. ती तालात गेली. सासूबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी तिच्या हातातून घासणी काढून घेतली आणि गट्टू दिला. गट्टूनं तिच्या नाकावर थाप मारली. तिनं त्याला उराशी धरून तोंड लपवलं, आणि त्याला वाटलं हाही कपाटाचाच प्रकार, म्हणून तो हसत सुटला.

मास्तर कडक असले तरी मनानं लोण्याचे. संध्याकाळी ते स्वतःहून स्वयंपाकघरात आले. टकटक्या टॉवेलात गुंडाळून आणला होता, नवजात पोर दुसऱ्याच्या हाती द्यावं तसा. उद्या दुपारी फेरपरीक्षा घेतो, तोवर याच्याबरोबर सराव कर, म्हणाले. सासूबाई बघतच राहिल्या. टकटक्या पियानोवरून खाली उतरलेला त्यांनी लग्नानंतर पाहिला नव्हता. पुसायचा तोही जागच्या जागी, श्वास धरून.

शनिवारी सकाळी गट्टूचं पोट भरल्यावर भिंगरीनं टकटक्या ओट्यावर ठेवला आणि काटा सोडला. टक, टक, टक, टक. ती त्याच्याबरोबर तोच तुकडा म्हणू लागली आणि दोघं अशी बरोबरीनं चालली की तिचा विश्वास बसेना. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. ती खूश होऊन दुसऱ्यांदा म्हणायला लागली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

"अगं, टकटक्याला काय झालं? बिघडला वाटतं."

तिनं म्हटलं, काही नाही, छान चालू आहे. सासूबाई दारात आल्या, कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. पाय ओढतोय, म्हणाल्या. नवरा दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून आला. त्यानंही ऐकलं. तो रोज लिफ्टच्या यंत्रांचे आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि हो, लंगडतोय खरा, असा निर्वाळा दिला. तोवर मास्तरांना सुगावा लागला. ते चपला न घालताच आले.

"काय केलंस त्याला? पाडलास?"

भिंगरीनं शपथेवर सांगितलं की बोटसुद्धा वाकडं लावलेलं नाही. मास्तरांनी कान जवळ नेला, काटा निरखला, किल्ली देऊन पाहिली. ठोके पडतच होते, एकसारखे, आणि ते तिघं आपल्या पोटच्या पोराला फेफरं आल्यासारखे त्याच्याभोवती उभे. भिंगरी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळेना, वेड लागलंय ते यांना की आपल्याला.

मास्तरांनी टकटक्या उचलला आणि मागच्या खोलीत पळवत नेला. पियानोवर, त्याच्या जुन्या जागी ठेवला. काटा सोडला. टकटक्, टकटक्. सगळ्यांचे खांदे खाली आले. झाला नीट, नवरा म्हणाला, आणि तेही त्या खोलीत, साध्या बोलण्यात. पण कोणाच्या लक्षात आलं नाही. मास्तरांनी खात्री करायला तो पुन्हा ओट्यावर आणला. बिघडला. परत पियानोवर नेला. सुधारला. तिसऱ्या खेपेला सासूबाई वाटेतून बाजूला झाल्या आणि म्हणाल्या की त्याला बहुधा स्वयंपाकघर मानवत नाही.

भिंगरीला तेव्हा कळलं. कळलं आणि तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. पण तिच्या कडेवर गट्टू होता, गट्टूच्या हातात त्याचा रबरी चेंडू होता, आणि गट्टूला ओठ मिटायचे ठाऊक नव्हते तसे हातही. त्यानं चेंडू पियानोवर टाकला. चेंडू जरा थांबला, विचार केल्यासारखा, मग निघाला. टकटक्याच्या पायाशी वळसा घालून पियानोच्या सबंध लांबीवरून निवांत घरंगळत गेला आणि पलीकडच्या टोकाहून खाली पडला. गट्टू किंचाळला. नवऱ्यानं चेंडू उचलून परत ठेवला. चेंडू पुन्हा निघाला.

मास्तर खाली वाकले. पियानोच्या एका पायाखाली लाकडाची पाचर होती. ती त्यांनीच मारली होती, पियानो घरी आला त्या दिवशी, जमीन उतरती आहे असं त्यांना दिसलं म्हणून. आता नवऱ्यानं जमिनीवर चेंडू ठेवून पाहिला. चेंडू जागचा हलेना. जमीन पहिल्यापासून सरळच होती.

"त्या दिवशी तुमचा चष्मा वाकडा झाला होता," सासूबाई म्हणाल्या. "हमालानं कोपर मारलं होतं. मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला."

टकटक्या तिरपा उभा होता. तिरपा उभा राहिला की काटा एकीकडे लवकर पोचतो आणि दुसरीकडे उशिरा, आणि ठोके जोडीजोडीनं लंगडतात. इतकी वर्षं तो लंगडत होता आणि हे घर त्याच्याबरोबर. नवरा पाळण्यातही तेच ऐकत वाढला होता. लोक ज्याला मास्तरांची चाल म्हणून नावाजत होते ती ही.

मास्तर स्टुलावर बसले. टकटक्याकडे बघत, हात मांडीवर. किती मुलं गेली माझ्या हाताखालून, असं ते पुटपुटले, आणि पहिल्यांदाच त्यांचं वय त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी हात झटकला.

"परीक्षा रद्द. परीक्षकच नापास झालाय. जा, दार लावून घे आणि कर तुझं काय करायचं ते."

त्यांनी उठता उठता एवढं मात्र सांगून ठेवलं की खोली दिली म्हणजे मत दिलं असं नव्हे. मत आपल्या जागी आहे.

भिंगरीला खोली मिळाली. दार लागलं, पत्रेवाला पलीकडच्या गावी गेला. तिनं फोन पुस्तकांना टेकवून उभा केला, टकटक्या खाली जमिनीवर सरळ ठेवला आणि जुना तुकडा म्हटला. एकदम बिनचूक. ऐकून पाहिला. त्यातही चूक नव्हती. पण ती मुलगी कोण होती? गच्चीवर उभी राहून सगळ्या जगाला आव्हान देणारी, जिला रात्रभर जागायचं ते स्वतःच्या मर्जीनं. भिंगरीला ती आवडली, तिचं कौतुक वाटलं, पण दूरच्या नात्यातल्या पोरीचं वाटावं तेवढंच.

तिच्याकडे दुसरंही काही होतं. गेल्या कित्येक महिन्यांत, गट्टूला थोपटताना, बाटली उकळताना, एकेक ओळ करून तोंडातल्या तोंडात जुळवलेलं. कोणाला ऐकवलं नव्हतं. ते काय कोणाला पाठवायचं, घरगुती. तिनं सरळ उभ्या टकटक्याबरोबर ते म्हणायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला अडखळली. पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच. शब्द एका बाजूला कलत होते आणि ठोका त्यांना ताठ उभं करू पाहत होता. तिसऱ्यांदा अडखळल्यावर ती आपोआप हसली. या ओळी ज्या घरात जुळल्या होत्या त्या घरात रात्रंदिवस कोणती चाल झिरपत होती? गट्टूला थोपटायलासुद्धा ती नवऱ्याचंच बघून शिकली होती.

ती बाहेर आली तेव्हा नवरा हातोडी घेऊन पाचर काढायला निघालेला. तिनं त्याला दारातच थांबवलं आणि सरळ मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली. मला तुमची चाल हवी आहे, म्हणाली. टकटक्याची नको, तो यंत्र आहे. तुमच्या हातची.

मास्तरांनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. "दया करतेस माझ्यावर?"

"तेवढा वेळ नाही बाबा माझ्याकडे. सहाला पाठवायचंय."

हे उत्तर त्यांना पटलं असावं. ते उठले. पियानोपाशी बसून त्यांनी डाव्या हातानं दोनच सूर धरले, खालचे, आणि ते सूर लंगडत चालू लागले. पण लंगडणं म्हणावं तर तसंही नव्हे, ओझं काखेत घेऊन चालणारं माणूस जरा झुकून चालतं तसे. भिंगरीनं आत उडी टाकली.

एका हाती पाळणा, दुसऱ्या हाती ओळ,
मधल्यामधे झोपेचा चाललाय घोळ.
सासरे म्हणती, सूर कुठंय? सूर गेलाय कामाला,
संध्याकाळी येईल घरी टिपत टिपत घामाला.

मास्तरांची भुवई वर गेली, पण हात चालू राहिला. ती पुढे निघाली. दुधाचं आलं, पत्रेवाल्याचं आलं, कपाटातल्या आईचं आलं, ओठ न उघडता रडायचं कसं ते आलं, आणि तिथे मास्तरांचे सूर जरा मऊ झाले, तिनं न सांगता. मग आलं:

घोरण्याला ताल असतो, आजोबांना विचारा,
घर झोपतं दुपारी, मीच देते पहारा.

"मी घोरत नाही," मास्तर म्हणाले.

सगळं थांबलं. भिंगरीनं डोक्याला हात लावला. उंबऱ्यातून सासूबाईंनी, नियमाला धरून, गाऊन विचारलं की आत कोण बोललं, आणि घोरण्याविषयी काही माहिती हवी असेल तर ती आपल्याकडे भरपूर आहे. मास्तर म्हणाले, हे असत्य आहे आणि असत्यावर मी साथ करणार नाही. भिंगरीनं विचारलं, बोलण्याला साथ कशाला लागते मुळात? मास्तरांनी स्टूल पुढे ओढून घेतलं आणि पहिल्यापासून धर म्हणून खूण केली.

दुसऱ्या वेळी ती ओळ आली तेव्हा ते बोलले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी पियानोवर असा दणका दिला की फोन पुस्तकांवरून घसरता घसरता राहिला, आणि पुढच्याच ठोक्याला पुन्हा आपले खालचे दोन सूर, जणू काही झालंच नाही. भिंगरीचं हसू शब्दांत शिरलं. ते तसंच राहिलं. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली, मास्तरांनी शेवटचा सूर धरून ठेवला, तो विरेपर्यंत कोणी हललं नाही, आणि गट्टूही, देव जाणे का, गप्प होता.

आता पाठवायचं तेवढं राहिलं. मागच्या खोलीतून सगळी वरात बाहेरच्या खोलीत आली. भिंगरी गट्टूला मांडीवर घेऊन एका अंगठ्यानं फोनवर लिहू लागली, दुसरा अंगठा गट्टूच्या तोंडात. शब्द आणि आवाज यांपुढे तिनं स्वतःचं नाव घातलं. घालताना हात जरासा थांबला, फार दिवसांनी भेटलेल्या माणसाला हाक मारताना थांबावा तसा. मग वर बघून विचारलं, "बाबा, तुमच्या नावापुढे काय लिहू? ठोके लिहू?"

मास्तर खिडकीशी उभे होते. पलीकडे पत्रेवाला जोरात लागला होता.

"ठोके तो देतोय," ते म्हणाले. "मी काय पेट्या करतो? संगीत लिही."

सासूबाईंनी चटकन पदर तोंडाशी नेला. नवरा चमचा शोधू लागला, तोंडात धरायला. भिंगरी मात्र अगदी गंभीर.

"पण बाबा, संगीत लिहायचं तर आधी ते संगीत असायला नको का?"

मास्तर पत्रेवाल्याच्या छपराकडे बघत म्हणाले, "मी वाजवलं तेवढ्या भागापुरतं म्हणतोय मी."

"तुम्ही तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलंत."

मास्तर वळले. त्यांनी तिच्या मांडीवरून गट्टूला उचललं, खांद्यावर टाकलं आणि त्याच्या पाठीवर थोपटू लागले.

"मग तसं लिही," म्हणाले, "आणि पाठवायच्या आधी मला एकदा सगळं ऐकव."

सहा वाजायला आले होते. भिंगरीनं आधी पाठवलं, मग ऐकवलं.